चौदा मजले

आमच्या इमारतीला चौदा मजले आहेत. महादेवपुऱ्यात मला चढायला याहून उंच काही सापडलं नाही, म्हणून मार्चपासून रोज पहाटे पाठीवर सहा लिटर पाणी घेऊन मी जिने चढते. पहिल्या आठवड्यात सिक्युरिटीवाल्याने काळजीने विचारलं, "लिफ्ट केट्टोय्ता, मेडम?" लिफ्ट नाही, मीच बिघडलेय, म्हटलं. माझ्या कन्नडमध्ये तो विनोद पोचला की नाही कोण जाणे. त्याने मान डोलावली.

ऑगस्टमध्ये झांस्करला जायचं ठरवतेय. एम.ए.ला असताना चोमा द कोरोश हे नाव प्रथम वाचलं होतं. हंगेरियन लोकांचं मूळ आशियात शोधायला निघालेला हा गृहस्थ १८२३ साली झांगला गावी पोचला आणि एका लामाकडून तिबेटी शिकत सोळा महिने राहिला. हिवाळ्यात नऊ फुटी खोलीत, विस्तवाशिवाय, मेंढीचं कातडं पांघरून दिवसभर वाचत बसायचा म्हणे. मूळ काही सापडलं नाही. १८३४ मध्ये कलकत्त्याहून त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश मात्र निघाला. माझी वीस वर्षं कोशांशी भांडण्यात गेली. ते गाव एकदा बघावं, एवढंच.

बेत तसा साधा आहे. बंगळूर नऊशे मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. म्हणजे विमानातून उतरल्यावर निदान दोन दिवस नुसतं पडून राहायचं. मग पदुम, झांगला, आणि परतताना शिंकू ला ओलांडून मनाली. नवऱ्याला उलटी वाट सोयीची वाटते, पण मग अंग उंचीला सरावण्याआधीच पाच हजार मीटरची खिंड समोर येते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, म्हणून पोस्टपेड घेतलं. तरी पुढे आत नेटवर्कचा भरवसा नाहीच.

अडतं ते तिथेच. आई गेल्या वर्षी नाशिकहून आमच्याकडे आली. तिचे शब्द हरवू लागलेत. झाऱ्याला 'ते उलटायचं' म्हणते, गॅलरीला 'बाहेरचं घर'. मी हे सगळं एका वहीत लिहून ठेवते. मला नाहीतरी दुसरं काय येतं? परवा तिने मला हाक मारली, "अगं, ती..." आणि थांबली. थोड्या वेळाने नाव आठवलं. बारा दिवस बहीण येऊन राहणार आहे, ती जा म्हणते. नवरा म्हणतो, पुढच्या वर्षी जा. पुढच्या वर्षी माझे गुडघे असतील, पण आई कशी असेल? आणि हाच प्रश्न मला एकदा जाण्याच्या बाजूचा वाटतो, एकदा न जाण्याच्या.

मी अकरा वर्षांची असताना आईनेच मला कळसूबाईला नेलं होतं. शेवटच्या चढाला मी रडत बसले, तर ती पदर खोचून पुढे निघून गेली. तेव्हा राग आला होता.

काल मी सॅक भरत होते. आई शेजारी येऊन बसली, खांद्याचा पट्टा ओढून पाहिला, म्हणाली, "सैल आहे." आणि बक्कल न चाचपडता घट्ट करून दिला.

"कुठे चाललीस?"

"डोंगरात."

"बारीहून चढणार?"

"नाही गं, खूप लांब आहे."

"मग भाकरी जास्त घे."

तिकिटं शुक्रवारपर्यंत रद्द करता येतात. आज मंगळवार. सकाळी सहाचे आठ लिटर केले.