एक खोरे, चार डोंगर आणि सकाळचा निर्णय

युरोपच्या प्रवासाचा विषय निघाला, की आपल्या घरांतून प्रथम दिवसवार कार्यक्रम आखला जातो. पहिल्या दिवशी अमुक शहर, दुसऱ्या दिवशी तमुक सरोवर, तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला बस. उन्हाळी सहलीला ही पद्धत शोभते. हिवाळ्यात स्कीइंगसाठी निघालेल्या कुटुंबाला मात्र ती अडचणीत आणते. कारण कोणता डोंगर कोणत्या दिवशी खुला राहील, हे तीन महिने आधी मुंबईत किंवा सांगलीत बसून कोणालाही सांगता येत नाही. व्यापारी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माल पाहण्याआधी सगळी रक्कम गुंतवणारा आणि थोडे भांडवल मोकळे ठेवून बाजाराचा कल पाहणारा, या दोघांतील भेद त्याच्या नित्य परिचयाचा असतो. बर्फावरील सहलीतही हेच तत्त्व लागू पडते. काय आधी बांधून घ्यावे आणि काय मोकळे ठेवावे, हे ठरवणे म्हणजेच खरे नियोजन होय.

फ्रान्समधील शामोनीचे खोरे हे अशा नियोजनाचे उत्तम उदाहरण आहे. माँट ब्लांक या सुमारे ४८०० मीटर उंचीच्या शिखराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून १०३५ मीटरवर शामोनी हे गाव वसले आहे. १७८६ साली या शिखरावर प्रथम मानवी पाऊल पडले; १८२१ साली येथील वाटाड्यांनी आपली संघटना स्थापन केली; आणि १९२४ साली पहिले हिवाळी ऑलिंपिक याच गावात भरले. जिनिव्हाच्या विमानतळापासून मोटारीने सुमारे सव्वा तासात येथे पोहोचता येते.

या खोऱ्याचे वैशिष्ट्य असे, की येथे एकच अखंड स्की क्षेत्र नाही. चार मुख्य क्षेत्रे खोऱ्याच्या वेगवेगळ्या उतारांवर विखुरलेली आहेत आणि एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी खाली उतरून बस किंवा रेल्वे धरावी लागते. प्रथम ही उणीव वाटते. परंतु चारही डोंगरांची तोंडे, उंची आणि स्वभाव भिन्न असल्यामुळे एका ठिकाणचे हवामान बिघडले तरी दुसऱ्या ठिकाणी दिवस सत्कारणी लागण्याची शक्यता राहते. चार निरनिराळ्या मालांची पेढी एकाच मालाच्या पेढीपेक्षा मंदीत अधिक टिकते, तसेच हे आहे.

या चार क्षेत्रांचा थोडक्यात परिचय करून घेऊ. गावाच्या उत्तरेकडील डोंगरावर ब्रेव्हाँ आणि फ्लेजेर ही दोन क्षेत्रे असून १९९७ पासून ती रोपवेने परस्परांना जोडलेली आहेत. त्यामुळे त्यांना एकच क्षेत्र धरता येते. हे उतार दक्षिणाभिमुख असल्याने जानेवारीच्या कडाक्यात येथे ऊन मिळते, आणि समोर माँट ब्लांकची संपूर्ण रांग उभी दिसते. मात्र मार्चमध्ये हेच ऊन दुपारी बर्फाचा चिखल करते. तेव्हा येथे सकाळीच यावे.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला आर्जाँतिएर गावाजवळ ग्राँ माँते आहे. हे उतार उत्तराभिमुख, उंच आणि कठीण. बर्फ येथे दीर्घकाळ टिकतो. म्हणून उबदार दिवसांत आणि हंगामाच्या अखेरीस जाणकार स्कीपटू इकडे वळतात. २०१८ साली येथील रोपवेच्या मधल्या स्थानकाला आग लागली आणि शिखराकडे जाणारा जुना रोपवे बंद पडला. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांवर विसंबून न राहता, त्या हंगामात कोणते रोपवे चालू आहेत हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

त्याही पुढे, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत, ल तूर आणि व्हालोर्सीन या गावांच्या वर बाल्मचे क्षेत्र आहे. येथील उतार सौम्य व प्रशस्त आहेत आणि ल तूरच्या पायथ्याशी नवशिक्यांसाठी वेगळे मैदान राखलेले आहे. वारा नसेल तर लहान मुले असलेल्या कुटुंबाला याहून चांगली जागा नाही. चौथे क्षेत्र खोऱ्याच्या खालच्या तोंडाशी, ले झूश गावावर आहे. त्याची उंची कमी, पण त्याचे बरेचसे मार्ग देवदार जातीच्या झाडांमधून जातात. हिमवृष्टी चालू असताना किंवा ढग उतरले असताना उघड्या डोंगरावर जमीन आणि आकाश एकच पांढरे दिसू लागते आणि उतार कोणत्या दिशेला आहे तेही कळेनासे होते. अशा दिवशी झाडांच्या काळ्या रेषाच डोळ्यांना आधार देतात. म्हणून वादळी दिवसाचे उत्तर बहुधा ले झूश हेच असते.

आता आधी काय बांधून घ्यावे ते पाहू. विमानाची तिकिटे, व्हिसा, विमा आणि मुक्काम या चार गोष्टी निश्चित असाव्यात. जिनिव्हाला उतरले तरी मुख्य मुक्काम फ्रान्समध्ये असल्याने व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडेच करावा लागतो. विम्याच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. सर्वसाधारण प्रवास विम्यातून हिवाळी खेळ पुष्कळदा वगळलेले असतात. फ्रान्समध्ये पास घेताना 'कारे नेज' नावाचा दिवसागणिक विमाही मिळतो. त्याची किंमत अल्प असते आणि उतारावरून जखमीला खाली आणण्याचा खर्च त्यात येतो.

नाताळ आणि फेब्रुवारी हे गर्दीचे व महाग काळ. फ्रान्समधील शाळांना हिवाळी सुट्टी तीन विभागांत पाळीपाळीने मिळते, त्यामुळे फेब्रुवारीतील गर्दी कित्येक आठवडे ओसरत नाही. ज्यांना मुलांच्या शाळेचे बंधन नाही त्यांनी जानेवारीचा उत्तरार्ध किंवा मार्चचा मध्य निवडावा.

मुक्काम एकाच ठिकाणी करावा. दर दोन दिवसांनी सामान हलवण्यात मोकळीक नाही, केवळ दगदग आहे. घर निवडताना दोन कसोट्या लावाव्यात: रेल्वे स्थानक किंवा बसथांबा चालत गाठता यावा, आणि घरात स्वयंपाकाची सोय असावी. खोऱ्यातून लाल रंगाची छोटी रेल्वे धावते. ती खालच्या गावांपासून शामोनी, आर्जाँतिएर करीत बोगद्यातून व्हालोर्सीनला जाते. मुक्कामाच्या घरमालकाकडून मिळणारे पाहुणेपत्र दाखवले, की खोऱ्यातील ही रेल्वे आणि नेहमीच्या बसगाड्या विनामूल्य वापरता येतात. भाड्याच्या मोटारीचा, बर्फातील साखळ्यांचा आणि वाहनतळाचा खर्च त्यामुळे वाचतो.

पासाचा हिशेब थोडा बारकाईने करावा. शामोनीच्या साध्या पासात ब्रेव्हाँ-फ्लेजेर, ग्राँ माँते आणि बाल्म येतात. मोठ्या 'माँट ब्लांक अनलिमिटेड' पासात ले झूश, एग्वी द्यु मिदीचा रोपवे आणि माँतांव्हेरची रेल्वे यांचीही भर पडते. दिवस वाढतील तसा दररोजचा दर उतरतो. मुले, ज्येष्ठ नागरिक आणि कुटुंब यांना सवलती असतात. सर्वांसाठी एकदम सहा दिवसांचा मोठा पास घेण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु कुटुंबातील प्रत्येक जण सहाही दिवस स्की करणार आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. जे प्रथमच बर्फावर उभे राहणार आहेत त्यांना पहिले दोन-तीन दिवस पायथ्याच्या मैदानाबाहेर पडताच येत नाही; त्यांना त्या मैदानापुरता स्वस्त पास पुरतो. ज्याला खरोखर चारही डोंगर वापरायचे आहेत त्यानेच मोठा पास घ्यावा. अटी व दर प्रत्येक हंगामात नव्याने जाहीर होतात, ते वाचूनच पैसे भरावेत.

शिकवणीची बाबही हिशेबात धरावी. सामूहिक वर्ग आठवडाभर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी भरतात. ते स्वस्त पडतात, पण त्या काळात आपली मोकळीक संपते. खाजगी शिक्षक महाग असला, तरी तो त्या दिवशीचा योग्य डोंगर स्वतः सुचवतो. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक शिक्षक ठरवला तर हा खर्च आवाक्यात येतो. उतारांचे रंग सर्वांनी पाठ करावेत: हिरवा सर्वांत सोपा, त्यानंतर निळा, मग लाल, आणि काळा केवळ निष्णातांसाठी.

यापुढे उरतो तो रोजचा निर्णय. त्याची एक सोपी रीत आहे. रात्री हवामानाचा अंदाज पाहून दोन नावे ठरवावीत आणि सकाळी त्यांतील एक निवडावे. सकाळी साडेसातच्या सुमारास रोपवे कंपनीच्या संकेतस्थळावर कोणते मार्ग उघडले आहेत ते दिसते. डोंगरमाथ्यावरील कॅमेऱ्यांची चित्रेही पाहता येतात. कित्येकदा गावात दाट धुके असते आणि माथ्यावर लख्ख ऊन. वारा जोराचा असेल तर उंचावरील रोपवे प्रथम बंद होतात. त्या दिवशी खालच्या भागात राहावे. आणि निवड करताना घरातील सर्वांत उत्साही तरुणाचा नव्हे, तर सर्वांत कच्च्या स्कीपटूचा विचार अग्रभागी असावा. पटाईत माणूस सोप्या उतारावरही आनंद मिळवतो. नवशिका अवघड उतारावर केवळ भय मिळवतो.

आहाराचा प्रश्न आपल्या वाचकांपुढे अटळपणे उभा राहतो. या प्रदेशाचे प्रसिद्ध पदार्थ चीज आणि बटाटा यांभोवती फिरतात. त्यातही ब्योफोर, रब्लोशाँ यांसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजली जातात. म्हणजे मांस नसलेला फाँद्यूही आपल्या अर्थाने शाकाहारी ठरत नाही. म्हणून स्वयंपाकघर असलेले घर महत्त्वाचे. खाखरे, थेपले, भाजणी आणि मुगाची डाळ एवढी शिदोरी बरोबर असली, की गावातील दुकानांतून दूध, तांदूळ, फळे व ताज्या भाज्या घेऊन आठवडा सुखाने निभावतो. काही रोपवे स्थानकांवर स्वतःचा डबा खाण्यासाठी वेगळी खोलीही असते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की डिसेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास सहाच्या सुमारास. त्या बेताने डोंगरावरून लवकर उतरावे. जाकिटे पिसांऐवजी कृत्रिम भरणाची आणि दस्ताने कातड्याविना मिळतात, तेही आधीच पाहून घ्यावे.

ज्यांना स्की करायचे नाही त्या आजी-आजोबांसाठी, आणि सर्वांच्या विश्रांतीसाठी, आठवड्यातील एक दिवस मोकळा ठेवावा; मात्र त्याचा वार आधी ठरवू नये. सर्वांत निरभ्र दिवस एग्वी द्यु मिदीला द्यावा. १९५५ साली सुरू झालेला हा रोपवे सुमारे वीस मिनिटांत ३८४२ मीटरवर नेतो. एवढी उंची इतक्या झटपट गाठणे अगदी लहान बाळांना आणि हृदयविकार असलेल्यांना मानवत नाही. त्यांच्यासाठी माँतांव्हेरची दातेरी रुळांची रेल्वे बरी. तेथून मेर द ग्लास ही हिमनदी दिसते. तिचा पृष्ठभाग इतका खचत गेला, की तिच्यापर्यंत उतरण्यासाठी पाचशेहून अधिक पायऱ्या बांधाव्या लागल्या आणि २०२४ साली नवा रोपवे उभारावा लागला.

शामोनी आणि ले झूश यांच्या मध्ये रस्त्यावरूनच बोसों ही दुसरी हिमनदी दिसते. भारतीय प्रवाशाने येथे क्षणभर थांबावे. १९५० साली आणि पुन्हा २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाची विमाने याच पर्वतावर कोसळली. दुसऱ्या अपघातात ११७ जण मृत्युमुखी पडले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्या विमानांतील वस्तू हिमनदी आजही हळूहळू खाली आणून सोडते. २०१३ साली एका तरुण गिर्यारोहकाला तेथे पाचू, नीलम आणि माणकांनी भरलेली पेटी सापडली. ती १९६६ च्या विमानातील असावी असे मानले जाते. त्याने ती पोलिसांच्या स्वाधीन केली. मालकाचे वारस सापडले नाहीत, तेव्हा २०२१ साली ती रत्ने तो गिर्यारोहक आणि शामोनी नगरपालिका यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. कोणी पाहत नसताना लाखमोलाचा माल जागच्या जागी सुपूर्द करणाऱ्या त्या माणसाचे मोल जवाहिऱ्यांच्या घरांत वेगळे सांगायला नको.

शेवटी सावधगिरीविषयी. ९ फेब्रुवारी १९९९ रोजी ल तूरजवळच्या माँरॉक या वस्तीवर हिमलोट कोसळला आणि घरांत असलेली १२ माणसे दगावली. हिमलोटाच्या धोक्याची श्रेणी एक ते पाच अशी रोज जाहीर होते. ती वाचण्याची सवय लावावी. आखलेले मार्ग सोडून एक पाऊलही बाहेर टाकू नये. एग्वी द्यु मिदीवरून निघणारी व्हाले ब्लाँश ही सुमारे २० किलोमीटरची हिमनदीवरील वाट कितीही मोहक वाटली, तरी ती पक्क्या स्कीपटूंनी आणि तीही वाटाड्यासहच करावी. संध्याकाळी कोणी कोठे भेटायचे हे सकाळीच ठरलेले असावे.

आणि एखाद्या दिवशी चारही डोंगर बंद राहिले, तर पासाचे पैसे फुकट गेले म्हणून खंत करू नये. भरलेले पैसे वसूल करायचेच या हट्टापायी वादळात वर जाणारा माणूस एका दिवसाच्या नुकसानीपोटी मूळ भांडवलच पणाला लावतो. त्या दिवशी खिडकीतून पडणारा बर्फ पाहावा, मुलांबरोबर पत्ते खेळावेत, गरम भात करावा. वेळापत्रक मोकळे ठेवले असेल, तर थांबण्याचा निर्णयही सोपा होतो. आणि सर्व जण सुखरूप घरी परतले, की आठवड्याचा हिशेब नफ्यातच असतो.