मुका संगणक आणि गळलेला पाठ

आमच्या मराठी विभागात खिडकीशेजारच्या टेबलावर एक जुना डेस्कटॉप आहे. पेंटियम फोर प्रोसेसरचा, विंडोज एक्सपीवर चालणारा, आणि अर्थातच इंटरनेटला न जोडलेला. डेडस्टॉक रजिस्टरातून त्याचे नाव खोडण्याचा विषय निघाला की आम्ही दोघे नेहमी आडवे येतो. कारण त्याच्या हार्ड डिस्कवर आमच्या सरांचा बोलीशब्दांचा संग्रह आहे. निवृत्तीपूर्वीची कित्येक वर्षे सरांनी आसपासच्या गावांतून मोटेचे, चाकाचे, आव्याचे, बुरूडकामाचे शब्द गोळा केले आणि एका बोटाने ते टंकित केले. सरांना जाऊन दोन वर्षे झाली. मूळ वह्यांतल्या बऱ्याचशा पावसात भिजून गेल्या. संग्रहाची दुसरी प्रत करायला हवी, हे आम्हाला कळत होते. पण कळणे आणि करणे यांत जे अंतर असते, ते प्राध्यापकांच्या बाबतीत अंमळ जास्तच असते.

गेल्या उन्हाळ्यात वीज आली-गेली, जळका वास आला आणि यंत्र बंद पडले. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, जळाला होता. दुरुस्तीवाल्याने नवा बसवून आठवड्याने यंत्र परत पाठवले. बटण दाबले. पंखा फिरला, समोरचा दिवा लागला. पडदा मात्र काळाच. फोनवर उत्तर मिळाले, "सर, पंखा फिरतोय ना? मग सप्लाय ठीक आहे. मदरबोर्ड गेला असणार."

नुसती डिस्क काढून दुसरीकडे लावावी, तर ती रुंद फितीच्या आयडीई जोडणीची. विभागातल्या नव्या संगणकांना ते तोंडच नाही. त्यातून डबा जळताना डिस्कही गेली असेल तर? त्या रात्री आम्हा दोघांपैकी कोणालाही धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच बाह्या सरसावल्या. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीत सुटला. पण पाठचिकित्सा आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे सांगताना आम्ही मुलांना बजावतो, की आधी प्रत नीट पाहा, एका वेळी एकच शंका घ्या, आणि लेखनिकाची चूक ग्रंथकाराच्या माथी मारू नका. तीच शिस्त इथे लावायचे ठरले.

वायर भिंतीतून काढली, पेटी उघडली. आधी मॉनिटर दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला. तो ठीक होता. मग रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने पुसली, पुन्हा बसवली. पडदा काळाच. मग पट्टी काढूनच ठेवली आणि बटण दाबले. एरवी रॅम नसेल तर यंत्र पीं-पीं करून तक्रार करते. इथे तक्रारही नाही. स्पीकरची बारीक वायर जागेवर होती, तरी शांतता.

ही शांतताच बोलकी ठरली. तक्रार करायलाही प्रोसेसर जागा लागतो. तो जागाच होत नसेल, तर दोष रॅमच्या अलीकडे शोधायला हवा. वायर पुन्हा काढून आम्ही टॉर्चच्या उजेडात नव्या डब्यातून निघालेली एकेक वायर बोटाने शेवटपर्यंत तपासली. वायरांच्या जुडग्यामागे एक चौकोनी, चार पिनांचा प्लग लोंबकळत होता. दोन पिवळ्या वायरी, दोन काळ्या. प्रोसेसरजवळ त्याच आकाराचे चार छिद्रांचे तोंड रिकामे होते. पेंटियम फोरपासून प्रोसेसरला बारा व्होल्टचा हा स्वतंत्र पुरवठा लागू लागला. पंखा मोठ्या प्लगवर फिरतो, प्रोसेसर या छोट्यावर चालतो. म्हणजे पंखा फिरणे हा सप्लाय ठीक असल्याचा पुरावा नव्हताच. लेखनिकाकडून एक ओळ गळली होती, आणि ग्रंथच भ्रष्ट ठरत होता.

रॅम जागेवर ठेवली, प्लग खटकन बसवला. एक छोटीशी पीं झाली आणि पडद्यावर अक्षरे उमटली. तारीख होती १ जानेवारी २००४. बोर्डावरचा बटणसेल संपला होता. आठवडाभर विजेविना राहिल्याने घड्याळ आपल्या आरंभतिथीला गेले होते. त्या तारखेला सर याच खुर्चीवर बसत असत. आम्ही काही बोललो नाही.

संग्रह शाबूत होता. पण पेन ड्राइव्हवरून नव्या संगणकात उघडला, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसला. फाइल युनिकोडपूर्व फाँटमधली. तो फाँटही जुन्याच यंत्रातून आणावा लागला. मग लिप्यंतर झाले. त्यात बिघडलेले रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ आम्ही अजून हाताने दुरुस्त करतो आहोत. आता प्रती तीन आहेत, तीन ठिकाणी.

दुरुस्तीवाल्याला दोष देण्याचा मोह झाला, हे कबूल. पण त्याच्या हातून एक प्लग राहिला, तोही एका आठवड्यात. आमच्या हातून एक साधी प्रत करायची राहिली, आणि ती वर्षानुवर्षे. हस्तलिखितांची हेळसांड केली म्हणून मागच्या पिढ्यांवर आम्ही वर्गात ताशेरे ओढतो. यापुढे ते ओढताना आवाज जरा खाली ठेवावा लागेल.