काच हातात द्या

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत काचेचा एक जुना ग्लास माझ्या हातून निसटला. तुकडे गोळा केले, वर्तमानपत्राच्या दोन पानांत गुंडाळले, वर पेनाने मोठ्या अक्षरांत ‘काच’ असं लिहिलं आणि पुडकं सुक्या कचऱ्याच्या बादलीत टाकलं. दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला आलेल्या ताईंच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

“काय लागलं हो, ताई?”

“काच लागली, काकू. रद्दीचं पुडकं म्हणून हाताने दाबलं.”

“अहो, वर लिहिलं होतं ना मी!”

“मला कुठं वाचता येतंय?”

त्या आमच्या दारात दहा वर्षं येत होत्या आणि मला हे ठाऊक नव्हतं. अंगठ्याला औषध लावून दिलं, पण मनाला स्वस्थता येईना. मग त्यांच्यामागोमाग मी खाली गेले. आमच्या इमारतीमागे पंपाच्या खोलीला लागून पत्र्याची शेड आहे. सगळ्या घरांचा सुका कचरा तिथे बसून त्या निवडतात. त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी दीड तास बसले.

ताई ‘स्वच्छ’च्या सभासद. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ सालापासून पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. घरटी महिन्याला थोडे पैसे मिळतात आणि सुक्या कचऱ्यात विकण्याजोगं जे निघेल ते वेचणाऱ्याचं. त्याआधीची संघटना १९९३ ची, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. हे नाव मी कितीदा वाचलं असेल! भंगारच्या दुकानात खात्रीने जे खपतं तेच त्या नावात आहे आणि प्लास्टिक त्यात नाही, हे मात्र शेडमध्ये बसल्यावर लक्षात आलं. ताईंच्या पुढ्यातल्या ढिगात निम्म्याहून जास्त प्लास्टिकच होतं.

त्यांनी आधी दुधाच्या पिशव्या काढल्या. दुधाच्या पिशवीला भाव मिळतो, हे मला माहीत होतं. आमच्या घरची पिशवी त्यांनी दोन बोटांत धरली आणि बाजूला टाकली. आत राहिलेलं दूध नासून तिला वास सुटला होता. मग चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या पिशव्या निघाल्या, विसळलेल्या, वाळवलेल्या, एकीत एक घालून ठेवलेल्या. त्यांतली एक ताईंनी माझ्यासमोर धरली. “हे बघा, आजी कोपरा तोडत नाहीत, नुसती चीर देतात. कोपरा तोडला की तो केरात जातो. एवढासा तुकडा कोण वेचणार?” पिशवी एकच, दूधही एकाच डेअरीचं, पण आजींची विकली जाणार होती आणि माझी कचऱ्यात जाणार होती. मी रोज बादलीत काय टाकते याचा विचार करत आले होते. कसं टाकते याचा कधीच केला नव्हता.

वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, बिस्किटांचे चकचकीत पुडे यांचा वेगळा ढीग झाला. “आतून चांदीसारखं चमकतं ते दुकानदार घेत नाही,” असा त्यांचा साधा हिशेब. प्लास्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर बसवलेला असतो. हे थर एकमेकांपासून सहजी सुटत नाहीत, त्यामुळे वितळवून नवा माल करणं परवडत नाही. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचं तेच. वेफर्स-बिस्किटांची पाकिटं धुऊन दिली तरी उपयोग नाही, ती विकतच कमी आणायची.

एका डब्याच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण होता, तो मी ताईंना मोठ्या विश्वासाने दाखवला. इतकी वर्षं मी त्याला रिसायकलचा शिक्का समजत होते. हा संकेत अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने १९८८ साली काढला आणि आतला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, ५ म्हणजे हॉटेलातून भाजी येते तो डबा, ६ मध्ये थर्माकोल येतं. बाटलीला गिऱ्हाईक असतं. डब्याला आतली तर्री निघाली असेल तरच. थर्माकोलचं पोतं भरलं तरी काट्यावर वजन भरत नाही आणि भंगारात भाव वजनावर. आमच्या माळ्यावर गणपतीचं थर्माकोलचं मखर आहे, राज्यात २०१८ साली बंदी येण्याच्या आधीचं. आजही ते तिथेच आहे, कारण ते घेणारं कुणी मिळालेलं नाही.

कागदात वर्तमानपत्रं, वह्या, पुठ्ठा सगळं चालतं. तुपकट झालेला पिझ्झाचा खोका चालत नाही. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, तेही नको.

काचेतही फक्त बाटल्या आणि बरण्या जातात. आरसा, कपबशी, ओव्हनमधलं भांडं यांची घडण वेगळी, ती बाटल्यांच्या काचेबरोबर चालत नाहीत. फुटक्या ग्लासाच्या चार तुकड्यांनाही दुकानदार विचारत नाही. म्हणजे ज्या काचेने ताईंचा अंगठा कापला, तिची त्यांना दमडीही मिळणार नव्हती.

शेवटी तळाशी एक गुंडाळी राहिली. ताईंनी ती हातात घेऊन वर-खाली पाहिली आणि उघडली. आत लहान मुलाचं डायपर होतं. मी मान फिरवली. त्यांना ती सोय नव्हती. डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही पद्धत पुण्यात कचरावेचकांनीच घरोघर सांगितलेली आहे. ठिपका कळायला अक्षरओळख लागत नाही. “ठिपका नसला की उघडून बघावंच लागतं, काकू,” ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आता आमच्या बादलीशेजारी दोरीला लाल स्केचपेन बांधलेलं आहे आणि दुधाची पिशवी विसळून ओट्यावर उलटी घातली जाते. त्याला रोज अर्धं मिनिट लागतं. चकचकीत पाकिटांची पिशवी मात्र दर महिन्याला भरतेच आणि ती कुठे जाणार हे आता मला माहीत आहे. पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी शहराचा असला कचरा वर्षानुवर्षं दाराशी सोसला आहे.

तुमच्याकडे काच फुटली तर ती जाड पुठ्ठ्यात घट्ट बांधा. वर काहीही लिहा, पण बादलीत टाकू नका. कचरा न्यायला माणूस आलं की त्याच्या हातात द्या आणि ‘काच आहे, सांभाळून’ एवढं तोंडाने सांगा.