ऑटो, अंगण आणि जामाचे झाड

गॅरेज म्हटले की बंगला, मोटार आणि माळी असे चित्र डोळ्यांसमोर येते. आपल्या वस्तीत गॅरेज कुणाचे? परंतु ज्याच्या दारी ऑटो उभा असतो त्या घराला हा प्रश्न मोटारवाल्यापेक्षा जास्त छळतो. त्याची गाडी हौसेची असते, आपली पोटाची.

आमचे घर उत्तर नागपुरात आहे. प्लॉट 20 बाय 50 चा. मागे घर आणि पुढे 20 बाय 18 फुटांचे अंगण. त्या अंगणात माझ्या सासूबाईंचा सारा जीव. जामाचे झाड (पुण्या-मुंबईकडे यालाच पेरू म्हणतात), कढीपत्ता, जास्वंद, गवती चहा आणि सांबाराचा एक वाफा. जाम माझ्या सासऱ्यांनी लावलेला. ते आता नाहीत. दर रविवारी दुपारी आमच्या बचत गटाची बैठकही याच झाडाखाली भरते.

2019 साली मिस्टरांनी कर्ज काढून ऑटो घेतला. रात्री तो रस्त्यावरच उभा राही. 2022 च्या मार्चमध्ये एका रात्री बॅटरी चोरीस गेली आणि सीट ब्लेडने फाडलेली आढळली. दोन दिवस धंदा बुडाला, पण हप्ता ठरल्या तारखेला दारात हजर. मिस्टर चिडून म्हणाले, "जाम तोडू, अंगणभर सिमेंट टाकू अन् टिनाचं शेड ठोकू." त्यांचेही काय चुकले? फाटक नेमके झाडाच्याच बाजूला होते.

आई काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी जेवल्या नाहीत, एवढेच. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "तोडा झाड, माह्यं काही म्हणणं नाही. पण तोडान तवा मले पोरीकडं धाडून द्या."

मी बी.कॉम. झालेली कारकून. भांडणात मला बोलणे सुचत नाही, पण टेप धरता येतो. मोजून पाहिले. ऑटो लांबीला नऊ फुटांच्या आत, रुंदीला सव्वाचारच्या आसपास, उंचीला पावणेसहाच्या आत. भोवताली माणूस फिरेल इतकी जागा सोडली तरी 11 बाय 7, म्हणजे 77 चौरस फूट पुरतात. अंगण 360 चौरस फुटांचे. पाचव्या हिश्श्याच्या कामासाठी सगळ्या अंगणाचा बळी कशाला? फाटक तेवढे उजवीकडे सरकवले की झाड वाचत होते, आणि ते वेल्डरचे एका दिवसाचे काम होते.

कागदावर चौकोन काढताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ऑटो सकाळी सातला निघतो आणि रात्री दहाला परततो. म्हणजे दिवसाचे पंधरा तास शेड रिकामेच राहणार. मग ते गाडीची कोठडी म्हणून का बांधावे, अंगणातला मांडव म्हणून का बांधू नये? हे एकदा ठरल्यावर बाकीचे आपोआप सुचत गेले.

चार लोखंडी पाइप उभे केले. दोन बाजू मोकळ्या ठेवल्या, कारण पेट्रोलचा वास कोंडून राहता कामा नये. स्वयंपाकघराची खिडकी दुसऱ्या टोकाला आहे, हेही पाहून घेतले. टिनाला घराच्या भिंतीचाच फिका पिवळा रंग दिला. मिस्टरांना निळा हवा होता. पण निळे शेड अंगणात पाहुण्यासारखे उठून दिसले असते. टिनाचा उतार शेजाऱ्यांच्या भिंतीकडे न देता आमच्या वाफ्याकडे दिला. पन्हाळीचे पाणी आता ड्रममध्ये पडते आणि ड्रम भरला की सांबाराला जाते.

जमिनीवर सिमेंट टाकलेच नाही. चाकांपुरत्या फर्शीच्या पट्ट्या घालायच्या ठरल्या. मी दोन पट्ट्या आखल्या आणि मिस्टर पोट धरून हसले. ऑटोला तीन चाके, पुढचे मधोमध! बी.कॉम.चे ज्ञान तेथे तोकडे पडले. तीन पट्ट्या घातल्या, मधल्या जागेत मुरूम भरला आणि कडेने हरळी सोडली. इंजिनखाली रेती भरलेले जुने घमेले ठेवतो. तेल गळाले तर ते मातीत उतरत नाही.

खरी अडचण उन्हाची. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि टिनाखाली उभे राहवत नाही. पश्चिमेच्या बाजूला मधुमालती लावली. वेल थेट टिनावर चढवू नये, तापलेल्या पत्र्याने कोवळे शेंडे करपतात. टिनाच्या वर अर्धा फूट अंतर ठेवून बांबूची जाळी बांधली आणि वेल तिच्यावर सोडली. मधून वारा खेळतो, वर सावली राहते. मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, पुढे गुलाबी होते, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. मात्र ही वेल अंगावर येणारी आहे, वरचेवर छाटावी लागते. नाही तर पन्हाळ पानांनी तुंबते. आमची एकदा तुंबली होती.

पुढच्या दोन पाइपांवर आईंनी मला न विचारता दोडका चढवला. चांगला दिसतो. बचत गटाच्या बायका परत जाताना एकेक दोडका घेऊन जातात. बैठक आता पावसाळ्यातही मोडत नाही, शेडमध्ये सतरंजी टाकली की झाले. वस्तीतली दोन मुले दुपारी तेथेच अभ्यासाला बसतात.

गेल्या उन्हाळ्यात मात्र एक नवीनच पेच निर्माण झाला. घरापेक्षा शेड थंड म्हणून आईंनी आपली बाज तेथे टाकली. रात्री दहाला मिस्टर येतात, इंजिन फाटकाबाहेरच बंद करतात आणि आत डोकावून पाहतात. आई गाढ झोपलेल्या असतात. त्यांना उठवायचे मिस्टरांच्या जिवावर येते. मग ते ऑटो रस्त्यावरच लावतात, बॅटरी काढून घरात आणतात आणि हळूच जेवायला बसतात.