अंतरपाटाच्या दोन बाजू

महाराष्ट्रातील बहुसंख्य हिंदू विवाहांत वधू आणि वर यांच्यामध्ये कुंकवाने स्वस्तिक रेखलेले एक वस्त्र धरले जाते, त्याला अंतरपाट म्हणतात. मंगलाष्टके संपून मुहूर्ताची घटका भरली की तो बाजूला सारला जातो, वाजंत्री सुरू होते, चहूंकडून अक्षता पडतात आणि दोघे एकमेकांच्या गळ्यात हार घालतात. हे सारे अर्ध्या मिनिटात उरकते आणि पुन्हा करून दाखवा असे कोणाला सांगण्याची सोय नसते. लग्नाची छायाचित्रे काढणे हा ज्याने व्यवसाय म्हणून पत्करला, त्याला या अर्ध्या मिनिटात एकाच ठिकाणी उभे राहता येते. वधूच्या मागे थांबल्यास वराचा चेहरा मिळतो, वराच्या मागे थांबल्यास वधूचा, आणि वस्त्राच्या कडेशी थांबल्यास दोघांचे चेहरे मिळतात खरे, परंतु अर्धेच. छायाचित्रकाराची म्हणून जी काही शैली असते, तिचा आरंभ या उभे राहण्याच्या जागेपासून होतो.

रूढ समजूत मात्र वेगळी आहे. शैली म्हणजे चित्राचा रंग, असे आजच्या उमेदवाराला वाटते आणि तो ‘प्रीसेट’ विकत घेतो. प्रीसेट म्हणजे संगणकावर चित्राची उजळी, छाया आणि रंग एका ठराविक मापाने बदलणारी आयती मांडणी. त्यामुळे नाशिकची हळद आणि कोल्हापूरची हळद एकाच मातकट तपकिरी छटेत न्हाऊन निघते, आणि हळदीचा पिवळा रंग, ज्यासाठी तो विधी असतो, तोच तेवढा नाहीसा होतो. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा चढवून मिरवण्यासारखाच हा प्रकार म्हणावा लागेल.

पूर्वीच्या छायाचित्रकारांना शैली शोधावी लागली नाही, कारण ती त्यांच्यावर साधनांनीच लादली होती. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीय हौशी छायाचित्रकार तिच्यात वावरू लागले, त्या काळी काचेवरील रसायन प्रकाश इतक्या सावकाश टिपत असे की माणसाला काही सेकंद निश्चल राहणे भाग होते. जुन्या घरांतील दांपत्यचित्रांत रंगवलेल्या पडद्यापुढे नवरा खुर्चीत ताठ बसलेला आणि नववधू शेजारी खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी दिसते, तिच्या ताठरपणामागे रीतभात आहेच, पण या सक्तीच्या निश्चलतेची सवयही आहे. पुढे चौरस चित्रे देणाऱ्या मोठ्या रोळात बारा आणि पस्तीस मिलिमीटरच्या रोळात छत्तीस चित्रे मावत. एका लग्नाला किती रोळ लावायचे हे यजमानाच्या ऐपतीवर ठरत असल्यामुळे काय वगळायचे याचा निर्णय कळ दाबण्यापूर्वीच झालेला असे. डिजिटल कॅमेऱ्याने ही काटकसर संपवली, एका दिवसात दोन-तीन हजार चित्रे सहज निघू लागली, आणि पूर्वी साधन जे बंधन घालत असे ते आता छायाचित्रकाराला स्वतःच स्वतःवर घालावे लागते. स्वतःची दृष्टी घडवणे म्हणजे व्यवहारात एवढेच.

हे बंधन किती बारीक असते ते अक्षतांवरून ध्यानात येते. कॅमेऱ्याचा पडदा, ज्याला शटर म्हणतात, १/५०० सेकंद उघडला तर तांदळाचा दाणा न् दाणा हवेत थिजतो आणि वराच्या फेट्याभोवती पांढऱ्या ठिपक्यांचे वलय दिसते. तोच १/६० सेकंद उघडला तर दाण्यांच्या रेषा होतात आणि अक्षता पावसासारख्या कोसळताना दिसतात. पहिल्या पर्यायाला कार्यालयाच्या मंद दिव्यांत कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, फार वाढवावी लागते आणि चित्र खरखरीत होते. दुसऱ्यात हार घालणारा हात पुसट होतो. दोन्ही चित्रे खरी असतात, परंतु एकाच कॅमेऱ्याने एकाच क्षणी दोन्ही मिळत नाहीत, आणि जो छायाचित्रकार वर्षानुवर्षे रेषांचीच निवड करतो त्याची चित्रे नाव न वाचताही ओळखू येतात.

उमेदवारीचा काळ बहुधा दुसऱ्याचा दिवा धरण्यात जातो, आणि तो वाया गेला असे समजण्याचे कारण नाही; दिवा धरणाऱ्याला विधींचा क्रम पाठ होतो. मामा वधूला बोहल्याकडे कोणत्या बाजूने आणतो, लाजाहोमात लाह्या देणारा भाऊ कोठे उभा राहतो, कानपिळीच्या वेळी नवरदेवाचा कान पिरगाळणारा मेहुणा हसण्याआधी क्षणभर कसा गंभीर असतो, हे ठाऊक असलेला माणूस घटनेच्या मागे धावत नाही, आधीच जाऊन थांबतो. मात्र ही विद्या एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जशीच्या तशी नेता येत नाही. बौद्ध पद्धतीच्या विवाहात बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांपुढे त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, अंतरपाट नसतो, आणि म्हणून चित्राचा कळस अन्यत्र शोधावा लागतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली होणाऱ्या नोंदणी विवाहात तर एक टेबल, एक नोंदवही आणि तीन साक्षीदार एवढेच नेपथ्य असते. तेथे सही करताना थबकलेले बोटही पुरेसे ठरते.

प्रकाशाच्या बाबतीत झाल या विधीइतका उदार प्रसंग दुसरा नाही. वेळूच्या परडीत पेटते दिवे ठेवून ती वराकडील वडीलधाऱ्यांच्या मस्तकांवर क्रमाने धरली जाते. कार्यालयातील पांढरे दिवे त्या वेळी मालवता आले तर कपाळ, नाकाचा शेंडा आणि वाकलेल्या हातातील बांगड्या एवढेच उजळतात. येथे फ्लॅश उडवणे म्हणजे त्या दिव्यांना निरुपयोगी ठरवणे होय. त्वचेच्या रंगाचा प्रश्न याहून अवघड आहे. कोडॅक कंपनी छपाईचा रंगसमतोल तपासण्यासाठी प्रयोगशाळांना जे नमुनाचित्र पुरवीत असे आणि जे ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखले जाई, त्यात कित्येक दशके गोऱ्या वर्णाची स्त्रीच असे. सावळ्या चेहऱ्याला न्याय देण्याची सोय त्या मोजमापात नव्हती. आता ती अडचण उरलेली नाही, तरीही सावळ्या वधूचा चेहरा संगणकावर गोरा करून देण्याची प्रथा टिकून आहे, आणि तिचा दोष यंत्राला देता येणार नाही. ग्राहकच तसे मागतो हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही.

नव्या पिढीच्या छायाचित्रकारांना नकळत टिपलेल्या, म्हणजे ‘कॅन्डिड’, चित्रांचे आकर्षण अधिक असून स्टेजवर रांगेत उभ्या केलेल्या नातेवाइकांचे चित्र त्यांना कमी प्रतीचे काम वाटते. हा तुच्छताभाव अस्थानी आहे. वीस-तीस वर्षांनी अल्बम उघडला जातो तेव्हा धूसर पार्श्वभूमीवरचे वधूचे हास्य पाहून लोक पान उलटतात, पण समूहचित्रावर बोट फिरवत हा कोण, ती कोणाची, हे कधी गेले, अशी चौकशी सुरू होते. आत्या, मावश्या, चुलत सासरे यांचा एकत्र पुरावा त्या एकाच चित्रात असतो. म्हणून ज्याला आपली शैली जपायची आहे त्याने हे चित्रही तेवढ्याच आस्थेने रचावे: दोन्ही घरांतील एकेक जाणता माणूस नावे पुकारण्यास आधीच नेमावा, वृद्धांना खुर्च्या द्याव्यात, कोणाची तरी पापणी मिटणारच हे गृहीत धरून एका रांगेची चार-पाच चित्रे घ्यावीत, आणि हे सारे पाने मांडली जाण्यापूर्वी उरकावे, कारण पंगतीत वरण-भात वाढला गेल्यावर वरमायसुद्धा स्टेजकडे फिरकत नाही.