जास्तीचे कोंबडे

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात आणि सगळीच सारखी गोजिरी दिसतात. चार-पाच महिन्यांनी तुरे लाल होतात, बांग सुटते, तेव्हा कळतं की निम्मे नर आहेत. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरतो. खालापूरकडच्या आमच्या परसात यंदा नऊ माद्या आणि पाच कोंबडे झाले. माद्यांच्या पाठीवरची पिसं गेली, कोंबडे एकमेकांचे तुरे फोडायला लागले.

विकायला आषाढासारखा महिना नाही. गटारीला गावठी कोंबड्याला मागू ती किंमत मिळते. कर्जतच्या फार्महाऊसवर आलेले पाहुणे रस्त्यात गाडी थांबवून विचारतात. दोन असेच गेले. एक जण झुंजीसाठी मागायला आला, त्याला अम्मीनं पाणीही विचारलं नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं झुंज गुन्हा आहेच. जनावरं झुंजवायला पैगंबरांनी मनाई केल्याची हदीसही अबू दाऊदच्या संग्रहात आहे.

अडचण आली ती वेगळीच. ठाकरवाडीच्या मावशी म्हणाल्या, "भाबी, नवसाचा कोंबडा पाहिजे. लाल." नातू तापातून उठला होता.

भाईजान म्हणाला, "देऊ नये. बाजारात घेणारा काय करेल ते आपल्याला माहीत नसतं. इथं माहीत आहे." त्याचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. अल्लाहशिवाय दुसऱ्या कुणाच्या नावानं कापलेलं आम्ही खात नाही. मग त्यासाठी कोंबडा द्यायचा कसा?

अम्मी खुराड्याचं दार लावत होती. म्हणाली, "पहिली कोंबडी तिनंच अर्धेलीनं दिली होती. निम्मी पिल्लं तिची. तिचा कोंबडा मी अडवणारी कोण?"

भाईजानला हे पटलं नाही, आजही नाही. मला पटलं. कोंबडा मावशींच्या काखेत गेला.

चौथा घरी कापला. सुरीला धार आत बसून लावली, त्याच्यासमोर नाही. पाचवा ठेवलाय. कोंबड्याला शिव्या देऊ नका, तो नमाजासाठी उठवतो, अशी हदीस आहे. हा मात्र रात्री दोनलाच सुरू होतो.

नवसाचं मटण मावशी आमच्याकडे पाठवत नाहीत, आम्हाला चालत नाही हे त्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी टोपलीभर कर्टुली आली.