पाण्याची वाट

आमच्या जुन्या घरी पाहुण्यास विहीर मोठ्या कौतुकाने दाखविण्याची चाल होती. मोरी मात्र कोणी कोणास दाखवीत नसे. पाणी येते कोठून, याचे अप्रूप सर्वांस. जाते कोठून, याची विचारपूस ती तुंबल्यावाचून होत नाही. आपल्या देहाविषयीही मनुष्य असाच वागतो, हे कळावयास मला साठी उलटावी लागली. आणि त्या शहाणपणाची किंमत मी नव्हे, माझ्या वडील बंधूंनी मोजली.

गेल्या पावसाळ्यात धाकट्या नातवाचे डोळे आले. डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या, आणि कानापुढे वाटाण्याएवढी गाठ. गाठ पाहून सूनबाई घाबरली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "घाबरू नकोस गं, अवधाण आहे ते." पायास जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे मलाही ठाऊक होते, परंतु डोळ्याचे अवधाण कानापुढे येते, हे नवीन होते. नेत्रवैद्यांनी मात्र गाठ चाचपून पाहिली आणि हसून त्यांचेच निदान कायम केले.

डॉक्टर मोठे बोलके. ते म्हणाले, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून जो द्रव पाझरतो, त्यातील मागे राहिलेला अंश दुसऱ्याच नाजूक वाहिन्या गोळा करतात, वाटेतील गाठींतून गाळतात, आणि मानेच्या पायथ्याशी पुनः रक्तात नेऊन सोडतात. हीच लसीका. डोळ्याच्या बाह्य आवरणातील लसीका कानापुढच्या व जबड्याखालच्या गाठींकडे जाते. तेथे रोगजंतूंशी झुंज सुरू झाली, म्हणून गाठ सुजली. लसीका हा शब्द चरकसंहितेत आहे, हे मी जाणत होतो. इटलीत आसेल्ली नामक शारीरशास्त्रज्ञास या जातीच्या वाहिन्या कुत्र्याच्या उदरात 1622 साली प्रथम दिसल्या, ही माहिती त्यांजकडून मिळाली.

जित्याची खोड म्हणून मी विचारले, "मग डोळ्याच्या आतले पाणीही याच वाटेने जाते काय?"

"गुरुजी, तेथेच तर खरी मौज आहे," ते म्हणाले. बुबुळावरील पारदर्शक पडद्यात ना रक्तवाहिनी, ना लसीकावाहिनी. असती, तर तो आरशासारखा स्वच्छ राहता ना. त्याचे पोषण बरेचसे आतल्या निर्मळ पाण्यावर होते. हे पाणी मिनिटास 2 ते 3 मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाच्या अल्पांशाएवढे, अखंड नवे तयार होते. सुमारे दोन तासांत जुने सारे जाऊन नवे येते. जाण्याची मुख्य वाट म्हणजे बुबुळाच्या कडेची बारीक जाळी व तिच्यामागील वर्तुळाकार नलिका. श्लेम या जर्मन पंडिताने ती 1830 साली वर्णिली. तिचे पाणी जाते शिरांत. परंतु तिच्या अस्तरात लसीकावाहिनीची लक्षणे आहेत, असे 2014 साली संशोधकांनी दाखविले. मला नरसिंहाची आठवण झाली: पुरता नर नव्हे, पुरता सिंहही नव्हे!

"आणि ही वाट अडली तर?" मी विचारले.

"तर आतला दाब वाढतो, आणि मागील नेत्रनाडीचे तंतू एकेक करून मरतात. तोच काचबिंदू. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. दृष्टी प्रथम कडेची जाते. समोरचे अक्षर शेवटपर्यंत दिसते."

मी गप्प झालो. मला दादा दिसू लागले.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दादा दाराच्या चौकटीस धडकू लागले. शेजारी ठेवलेला तांब्या त्यांच्या हाताने लवंडे. घरात शिकलेला मी. मी निर्धास्तपणे सांगितले, "दादा, मोतीबिंदू असेल. चांगला पिकू द्या, मग काढू." दादा म्हणाले, "तू म्हणतोस तर थांबू." आम्ही दोन वर्षे थांबलो. अखेर गेलो तेव्हा कळले की तो काचबिंदू होता. मोतीबिंदूने झाकलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने नेलेली येत नाही. पुढे दादा नऊ वर्षे जगले. त्यांनी मला बोल लावला नाही. एवढेच की, माझ्यासमक्ष मोतीबिंदू हा शब्द पुनः कधी उच्चारला नाही.

ही हकीकत ऐकून डॉक्टरांनी विचारले, "सख्ख्या भावास काचबिंदू होता, आणि तुम्ही स्वतःचे डोळे कधी तपासून घेतलेत?" मी चष्म्याचा नंबर तेवढा बदलीत आलो होतो! त्यांनी तेथेच तपासले. साधारणतः दाब पाऱ्याचे 10 ते 21 मिलिमीटर असावयाचा. माझा 26 भरला. उजव्या डोळ्याची नाकाकडची थोडी दृष्टी गेलेली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आता लसीकेचे नाव ऐकून कोणी मानेस तेल चोळून काचबिंदू घालवू म्हणेल, तर त्याच्या नादी लागू नये. डोळ्याच्या मागील भागातील द्रव नेत्रनाडीच्या वाटेने मानेतील लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचतो, असे 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उंदरांच्या बाबतीत दिसले आहे. त्यातून पुढे औषध निघेल तेव्हा निघो; आज भरवसा दाब उतरविणाऱ्या थेंबांचा, आणि गरजेनुसार लेसर वा शस्त्रक्रियेचा. दाब नियमित असूनही काहींची नेत्रनाडी झिजते; यास्तव चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः ज्यांच्या घरात हा विकार आहे त्यांनी, दाब व नाडी दोन्ही तपासून घ्यावीत.

रोज रात्री नऊ वाजता नातू बाटली घेऊन येतो आणि म्हणतो, "आजोबा, वर बघा." एकेक थेंब पडतो. दाब आता 16 वर आहे. गेले ते गेले, उरले ते टिकले आहे. दादांना मी थांबावयास सांगितले होते. वाचकांस माझे हात जोडून इतकेच सांगणे, की थांबू नका.